फोंगचानची दगडमाशी

ओढ्याचं नाव मी लिहिणार नाही. जिल्ह्याचंही नाही. उत्तर थायलंडच्या डोंगरात असे ओढे पुष्कळ आहेत, त्यातला एक समजा. नाव लिहिलं म्हणूनच सगळं झालं. आणि ज्या बाईने ते लिहिलं तिला मी रोज सकाळी कुंपणापलीकडे भात वाफवताना बघते. बघितलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तिच्यामुळे नाही, तिच्या वाट्याला आलेल्या पुण्यवान माणसांमुळे.

तिचं नाव फोंगचान. माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ‘पी’ म्हणते, आपण ताई म्हणतो तसं; ती मला ‘नोंग’, म्हणजे धाकटी. लग्न होऊन आपल्या मुलखातून या गावात आले तेव्हा चिकट भात वाफवायला मला तिच्याच आईने शिकवलं. त्या आईला, खामपोला, सगळं गाव ‘मे’ म्हणतं, म्हणजे आई. मे खामपोच्या जिभेला हाड नाही आणि हृदयाला कुलूप नाही.

पी फोंगचान शहरातल्या विद्यापीठात नमुन्यांच्या खोलीत नोकरी करते. शिक्षण त्यातलंच. ओढ्यानाल्यांतले किडे ओळखायचे, आणि एखादा ओळखता आला नाही तर जगात कुणी तो आधी ओळखलाय का हे शोधायचं. तिचा जीव दगडमाशीवर. माशी म्हणायचं इतकंच, ती घरात घोंघावणारी नव्हे. ती वर्षभर दगडाखाली राहते, थंड, धावत्या पाण्यात. चपटं अंग, मागे दोन शेपट्या. पाणी थांबलं, तापलं, गढुळलं की ती गेलीच. वाढ पुरी झाली की एखाद्या संध्याकाळी दगडावर चढते, पाठीवर उलते, जुनं कातडं तिथेच चिकटलेलं ठेवते आणि नव्या पंखांनी निघून जाते. मग आठवडाभराचं आयुष्य. त्यात ती खातही नाही.

आमच्या गावाच्या वरच्या ओढ्यात तिला अशी एक दगडमाशी सापडली जी कुठल्याच पुस्तकात बसेना. डोक्यावर काळा डाग होता, अगदी भात वाफवायच्या निमुळत्या टोपलीसारखा. तिने जपानहून नमुने मागवले, युरोपातून मागवले, मादीच्या अंड्यांवरची नक्षी मोठी करून बघितली. नराचीही एक खूण असते म्हणे, तीच सगळ्यांत पक्की. कसली खूण, म्हणून मी विचारलं तर हसून म्हणाली, “नोंग, तुला सांगायला मला लाज नाही, पण मे ऐकतेय.”

मे ऐकतच होती. तिचं दुखणं वेगळं. नमुना म्हणजे दारूच्या बाटलीत बुडवून मारलेला जीव.

“आज किती घेतलेस?” लेक घरी आली की तिचा पहिला प्रश्न.

“दोन, मे.”

“कशाला?”

“नाव द्यायला.”

“तुझं नाव ठेवलं तेव्हा भिक्षूंनी मनगटाला दोरा बांधला होता. बाटलीत नव्हतं घातलं!”

पण दर उपोसथाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या-अष्टमीच्या व्रताच्या दिवशी, मे देवळात जायची आणि त्या किड्यांसाठी पाणी ओतायची. इथली रीत आहे ती. भिक्षू मंत्र म्हणत असताना लहानशा तांब्यातून वाटीत पाणी ओतायचं, आपलं पुण्य ज्याचं आपण देणं लागतो त्याला द्यायचं, आणि मग ती वाटी झाडाच्या मुळाशी रिकामी करायची. जो ओततो त्याच्या कोपराला मागचा माणूस बोट लावून बसतो, म्हणजे ते त्यालाही पोचतं. मीही मे खामपोच्या कोपराला बोट लावून बसलेय कितीदा. आपल्या उदक सोडण्याहून मला ते कधी परकं वाटलं नाही.

पी फोंगचानने नव्या जातीचं वर्णन लिहायला घेतलं. एकेक वाक्य आठवडाभर घासायची. जे दिसलं तेवढंच लिहायचं, ‘बहुधा’ नाही, ‘साधारण’ नाही. तिची इच्छा होती आईचं नाव द्यायची. मे कडाडली, “मेलेल्या किड्याला माझं नाव? मी अजून जिवंत आहे!” मग तिने ओढ्याचं नाव दिलं. आणि नियमच असतो की मूळ नमुना कुठे मिळाला ते स्पष्ट लिहायचं: कुठला ओढा, कुठल्या देवळाच्या वर, किती उंचीवर.

“सगळं लिहिलंस?” मेने विचारलं. “जागासुद्धा?”

“लिहावंच लागतं.”

“वारुळावरच्या अळंबीची जागा कुणी सांगतं का? मी माझ्या सख्ख्या बहिणीला नाही सांगितली. ती मेली, पण नाही सांगितली.”

“मे, ही अळंबी नाही. पुढच्या माणसाला तो किडा पुन्हा बघता यायला हवा. लपवलं तर माझ्या लिहिण्याला अर्थ काय?”

“अळंबीवाल्या बाया निदान जेवतात तरी,” मे म्हणाली आणि उठून गेली.

वर्णन छापून आलं. जगात ती जात त्या एकाच ओढ्यात आहे, निदान आजपर्यंत दुसरीकडे दिसलेली नाही, असंही त्यात होतं. वर्तमानपत्रात बातमी आली. आणि आठच दिवसांत आमच्या तंबोनचा, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचा, नायोक दारात उभा. नायोक म्हणजे निवडून आलेला सरपंचच समजा. त्याच्यासोबत फळांची टोपली होती, आणि बाटलीबंद पाणी विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस.

“पी फोंगचान! गावाचं नाव काढलंत!” हात जोडून नायोक बसला. “आता आमची पाळी. किड्याचा सन्मान करायचा ठरवलंय. ओढ्यावर नऊ बंधारे, एका दिवसात, सगळं श्रमदानातून. आणि मासे सोडणार. बरं, किड्याचं वय किती?”

“काय?”

“वय हो. वाढदिवसाला माणूस जितक्या वर्षांचा तितके मासे सोडतो ना? मग याचे किती?”

मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत. पी फोंगचानने शांतपणे सांगितलं, “पाण्यात वर्षभर. बाहेर आठवडाभर.”

“म्हणजे एकच मासा?” नायोकचा चेहरा पडला. कंपनीच्या माणसाकडे बघून म्हणाला, “ते बरं नाही दिसणार. नऊशे नव्याण्णव करू. शुभ आहे.”

“कुठले मासे?”

“मांगूर. बाजारात कापायला ठेवलेले. त्यांचाही जीव वाचेल!”

मग तिने त्याला समजावलं. मी कुंपणापाशी उभी राहून ऐकलं, म्हणून सांगते, लहान मुलालाही कळलं असतं. हा किडा धावत्या पाण्यात श्वास घेतो. बंधारा घातला की पाणी उभं राहतं, तळाशी गाळ बसतो, किडा गुदमरतो. बंधाऱ्याला जे दगड उचलाल तेच त्याचं घर. आणि त्यातूनही उरला तर मांगूर त्याला खाईल.

“पण बंधाऱ्याने पाणी वाढणार ना?” नायोक म्हणाला. “जास्त पाणी, जास्त किडे.”

“नाही.”

“मग तुमच्या मते काय करावं?”

“काहीच करू नये. ओढ्याला हात लावू नये.”

नायोक हसला. वाईट माणूस नाही तो, हेच मला जास्त खटकतं. म्हणाला, “पी, ‘काही केलं नाही’ याचा फोटो कसा काढायचा?”

विद्यापीठात तिने सांगितलं तर वरिष्ठांनी एवढंच विचारलं की फलकावर विद्यापीठाचं नाव येणार आहे ना. मग ती देवळात गेली, आमच्या लुआंग पोकडे, म्हणजे थोरल्या भिक्षूंकडे. मी सोबत होते.

“मासे तर मरणातून सोडवताहेत,” लुआंग पो म्हणाले.

“एका जिवाला सोडवून दुसऱ्या जिवावर सोडायचं, हे पुण्य कसं?”

ते म्हणाले, “तू म्हणतेस ते खरं आहे. पण लोकांची श्रद्धा मोडू नये.”

मी पायरीवर माझ्या चपला शोधत होते. तेव्हाच पहिल्यांदा मला त्या देवळात राग आला. श्रद्धा काय काचेची बांगडी आहे मोडायला? मी रोज देवापुढे दिवा लावते. दिव्याने घर पेटत असेल तर कुणी मला थांबवलं म्हणून माझी श्रद्धा मोडते का? देवाला काय आवडेल हे जरा त्या किड्याला विचारून बघितलं असतं तर कळलं असतं.

लुआंग पो मात्र नायोकशी बोलले. त्यातून निघालं एवढंच की मासे सोडण्याआधी एक छोटं प्रवचन होईल.

ठरलेल्या दिवशी सकाळी ओढ्यावर जत्रा. ढोल, मंडप, फुलांच्या माळा, कंपनीच्या पाण्याच्या बाटल्यांचे ढीग. सगळ्यांच्या अंगात निळे सदरे, पाठीवर किड्याचं चित्र. चित्रातल्या किड्याला तीन शेपट्या. पी फोंगचानने आधीच छापखान्यात फोन करून सांगितलं होतं की दोन असतात, तीन असतात तो वेगळा किडा. छापखानेवाला म्हणाला होता, “तीन छान दिसतात, आजान.” विद्यापीठातली बाई म्हणून तिला आजान म्हणायचं, आणि शेपट्या मात्र आपल्या मनाने लावायच्या!

रांगा लागल्या. एकाने दगड उचलायचा, दुसऱ्याकडे द्यायचा, तिसऱ्याने बंधाऱ्यावर रचायचा. लोक गात होते, हसत होते. घाम गाळत होते, हे खोटं कसं म्हणू? माझी जाऊबाईसुद्धा होती त्यात. दगड उलटा झाला की खालच्या बाजूला चपटे किडे सैरावैरा पळायचे, आणि पाणी सुटलं की उन्हात धडपडायचे. बँकेतल्या एका बाईच्या मनगटावर एक चढला.

“अगं बाई, झुरळ!” ती किंचाळली आणि झटकून त्याच्यावर सपात मारली.

डोक्यावर टोपलीसारखा काळा डाग. ज्याच्या सन्मानाचा सदरा अंगात, तोच सपातेखाली.

पी फोंगचान सरळ पाण्यात उतरली आणि मधल्या सगळ्यांत मोठ्या दगडावर जाऊन बसली. कमरेपर्यंत भिजली होती. रांग थांबली.

“पी, उठा ना,” नायोक काठावरून म्हणाला. “त्या दगडाची गरज आहे.”

“मलाही आहे.”

“पाहुणे थांबलेत.”

“थांबू देत.”

तेवढ्यात मंडपातून मे खामपोचा आवाज आला. “ए नायोक! तुझ्या सन्मानाला तुझंच घर पाडलं तर चालेल का रे? सांग, मी बोलावते लोकांना! ढोलही आहेतच इथे!”

काही जण हसले. नायोकही हसला. “मे, सावलीत बसा, ऊन लागलंय तुम्हाला.” आणि त्याने हात केला. तेवढा एक दगड सोडून बाकी रांग पुन्हा सुरू झाली, तिच्या डाव्या बाजूने आणि उजव्या बाजूने. ती तिथेच बसून राहिली. पाणी तिच्याभोवती हळूहळू चढत गेलं आणि थांबलं. मग प्रवचन झालं, करुणेवर. मग मांगूर सोडले, बादल्या भरभरून. काळं, वळवळणारं पुण्य.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. पाण्यातल्या दगडावर बसलेली पी फोंगचान, मागे निळे सदरे. खाली लिहिलेलं: ‘शास्त्रज्ञही श्रमदानात सहभागी.’

मी ते पान चुलीत घातलं.

उन्हाळ्यात बंधाऱ्यांमागे हिरवं शेवाळ धरलं. गाळाने दगड बुजले. खालच्या कालव्याला पाणी कमी पडलं तेव्हा शेतकऱ्यांनी खालचे दोन बंधारे फोडले. भातासाठी फोडले, किड्यासाठी कुणी कुदळ उचलली नाही. थंडी आली, किडे बाहेर यायचा हंगाम आला. पी फोंगचान रोज संध्याकाळी पांढरी चादर आणि दिवा घेऊन वर जायची. तिने दगड उलटून बघितले, काठ बघितले, कातडी शोधली. मांगूर मात्र भेटत होते, चांगले पोसलेले. छापलेल्या वर्णनातली ती जागा, तो ओढा, ती उंची सगळं होतं तिथेच. ज्याच्यासाठी ते लिहिलं, तो नव्हता.

“मिळाला?” मे रोज विचारायची.

“नाही.”

तेव्हा मे काही टोमणा मारायची नाही. भात पुढे सरकवायची, मिरचीचं वाटण सरकवायची. लेक दोन घास खायची आणि उठायची. रात्री मला कुंपणापलीकडून ऐकू यायचं, “मीच दाखवली त्यांना वाट, मे. माझं लिहिलेलं वाचूनच आले ते.” आणि मे, जिला तो अळंबीचा टोला परत मारायची आयती संधी होती, म्हणायची, “झोप आता.”

मग एके दिवशी ती आली ती चिखलात माखून. पायऱ्यांवर बसली आणि मूठ उघडली. तळहातावर कातडं. कागदासारखं, पोकळ, पाठीवर उललेलं. मागे दोन शेपट्या. डोक्यावर टोपली.

“कुठे?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. “वर,” एवढंच म्हणाली. वर म्हणजे बंधाऱ्यांच्याही वर, एका बाजूने झिरपत येणारं पाणी आहे, जिथे कुणी जात नाही. तेवढं मला कळलं. यापुढचं मला माहीत असलं तरी इथे नाही.

“आता हेही लिहिशील?” मेने विचारलं.

तिने मूठ मिटली.

याच थंडीत, ज्या दिवशी उपोसथ होता आणि आम्ही तिघी सकाळी देवळात पंचशील घेऊन आलो होतो, त्याच दिवशी दुपारी नायोक आला. पुन्हा फळांची टोपली. मे उखळात मिरच्या कुटत होती, मी लसूण सोलत होते.

“पी, यंदा पुन्हा करू. लोक विचारताहेत. मांगूरच्या तक्रारी आल्यात, तर यंदा तिलापी सोडू. बंधारे जरा वरच्या अंगाला घेऊ, तिथे अजून जागा आहे. किडा काय म्हणतोय?”

मेच्या हातातलं मुसळ थांबलं.

पी फोंगचान म्हणाली, “किडा नाही.”

“नाही म्हणजे?”

“संपला. सगळा हंगाम शोधला मी.”

“वरच्या अंगाला?”

“वरही नाही. कुठेच काही नाही.”

“अरेरे!” नायोकने डोक्यावरची टोपी काढली. खरंच वाईट वाटलं त्याला, डोळ्यांत दिसत होतं. “मग आता सन्मान कशाचा करायचा?”

“तेच म्हणते मी.”

तो जरा वेळ टोपी फिरवत बसला. मग उजळून म्हणाला, “दुसऱ्या एखाद्या ओढ्यात असेल ना? तुम्ही शोधा, आम्ही आहोतच!”

मेने मुसळ असं आपटलं की मिरच्या अंगणात उडाल्या. नायोक उठला, हात जोडले आणि गेला. फळं ठेवून गेला. ती मेने कोंबड्यांना टाकली.

मग मे म्हणाली, “सकाळी शील घेतलंस.”

“घेतलं.”

“चौथं कुठलं?”

“खोटं बोलणार नाही.” पी फोंगचानचा आवाज कापत होता, पण ती रडत नव्हती. रागाने कापत होती. “मे, सगळी नोकरी मी जे दिसलं तेवढंच लिहिलं. किड्याच्या पायावरचा एक केस कमी नाही की जास्त नाही. त्यांनी तीन शेपट्या छापल्या तर त्यांना फुलं! आणि मी एक जीव वाचवायचा तर मला खोटारडी व्हावं लागतं. हा कुठला न्याय?”

मेने हात धुतले. आत जाऊन तांब्या आणि वाटी आणली, आंब्याच्या झाडाखाली चटई टाकली.

“बस,” ती म्हणाली. “आजवर त्या किड्यांसाठी मी ओतलं. हे तू ओत. आणि मी मागे बसते. तू नाही म्हणालीस तेव्हा मला आनंद झाला, म्हणजे तेवढं माझंही आहेच.”

पी फोंगचानने तांब्या तिरका केला. बारीक धार पडू लागली. मेने तिच्या कोपराला बोट लावलं आणि तोंडातल्या तोंडात मंत्र म्हणू लागली.

मी लसूण खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि मे खामपोच्या कोपराला बोट लावून बसले. पुण्य पोचतं तसं खोटंही पोचत असेल. पोचू दे.

“हात स्थिर धर,” मे लेकीला म्हणाली. “सांडतंय.”